मल्चिंग पेपर की पाचट? मातीतल्या शिकारी भुंगेऱ्यांचाही हिशेब धरा

नाशिककडच्या पिंपळगाव किंवा गिरणाऱ्याच्या मार्केटसाठी खरीप टोमॅटो लावणारा माणूस मल्चिंग, म्हणजे मातीवरचं आच्छादन, ठरवताना तण, पाणी आणि मजुरी मोजतो. रात्री मातीवर पळणारे काळे भुंगेरे त्या हिशेबात नसतात. हे कॅराबिड कुळातले शिकारी. हुमणीचे भुंगेरे वेगळे, ते पाला खातात; या शिकाऱ्यांना मारण्यात आपलंच नुकसान. दिवसा ढेकळाखाली, काडीकचऱ्याखाली दडायचं आणि अंधार पडला की अळ्या, कोष, अंडी जे सापडेल ते खायचं, हा यांचा क्रम. मातीतल्या त्यांच्या अळ्याही बहुतेक शिकारीच असतात, आणि काही जाती तणाचं बी खातात. २०१४ च्या सुमारास देशात शिरलेली टुटा ही टोमॅटो पोखरणारी अळी काय किंवा फळ पोखरणारी घाटेअळी काय, कोषात जायला दोन्ही बहुधा मातीतच उतरतात. तिथे यांची गाठ पडते.

पेपरचे, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकचे, फायदे खरे आहेत. बेडवर तण येत नाही, ओल टिकते, चंदेरी बाजू वर असली तर मावा, पांढरी माशी काही प्रमाणात बिचकते. भुंगेऱ्यांना मात्र बेडची माती रोपाच्या भोकापुरतीच उरते. शिवाय हंगाम संपल्यावर फाटके तुकडे वेचायचे कोणी, हा प्रश्न वेगळाच.

पाचट किंवा भाताचा पेंढा म्हणजे त्यांना घरच. खाली गारवा, ओल, आणि कुजणाऱ्या काडीवर जगणारे बारीक किडे, म्हणजे टोमॅटोवर कीड नसतानाही खाद्य. निफाडकडे उसाचं पाचट आहे, इगतपुरी-त्र्यंबककडे पेंढा. पण आच्छादन पातळ पडलं तर तण वर येतं, पावसाळ्यात गोगलगाई जमतात, कोरड्यात वाळवी लागते. लागवडीच्या धांदलीत पसरायला माणसं मिळवणं ही तर मोठीच कटकट. आणि फुलकिडे, पांढरी माशी पानावर असतात. तिथे हे भुंगेरे उपयोगाचे नाहीत.

स्वतः पडताळायचं असेल तर प्लास्टिकचे ग्लास मातीच्या पातळीला कड येईल असे पुरा, तळाशी साबणाचं पाणी ठेवा. आकड्यावर लगेच भाळू नका. उघड्या मातीवर भुंगेरा सुसाट पळतो म्हणून जास्त सापडतो, पाचटात अडखळत चालतो म्हणून कमी. ग्लासातला आकडा संख्येबरोबर धावपळही मोजतो. जिवंत पकडायला कोरडा ग्लास लावलात तर पिवळ्या ठिपक्यांचा काळा भुंगेरा बोटाने उचलू नका. तो बॉम्बार्डियर असू शकतो. मागून फट्ट आवाज करत जवळपास १०० अंश तापमानाचा फवारा सोडतो.

माझा कौल असा: विक्रीच्या टोमॅटोला बेडवर पेपर आणि सरीत पाचट. घरच्या किंवा विषमुक्त प्लॉटला सगळीकडे पाचट. मात्र क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक जमिनीत सोडणार असाल तर भुंगेऱ्यांसाठी पाचटावर खर्च करू नका, ते मरणारच आहेत. आणि सिन्नरच्या कोरड्या पट्ट्यात, जिथे पेंढा विकत आणावा लागतो, तिथे मी सरीतल्या पाचटाचाही आग्रह धरणार नाही. बांधावर तणनाशक मारणं थांबवून गवताचा पट्टा राखा. नांगरट झाली की हे भुंगेरे तिथेच आसरा घेतात आणि पीक उभं राहिलं की तिथूनच पुन्हा आत येतात.