‘प्राइड अँड प्रेज्युडिस’: आधी १९९५ची मालिका पाहावी की २००५चा चित्रपट?

जेन ऑस्टेन यांची १८१३ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पडद्यावर पाहायचे ठरवले, की निवड बहुधा दोन रूपांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे अँड्र्यू डेव्हिस यांची पटकथा आणि सायमन लँगटन यांचे दिग्दर्शन असलेली बीबीसीची सहा भागांची मालिका, आणि दुसरे म्हणजे डेबोरा मोगॅक यांच्या पटकथेवर जो राइट यांनी केलेला चित्रपट. मालिकेला जवळजवळ साडेपाच तास लागतात, चित्रपट सव्वादोन तासांच्या आत आटोपतो. माझे मत आधीच सांगतो: ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी मालिकेपासून सुरुवात करावी, आणि ज्यांना कादंबरी चांगली ठाऊक आहे त्यांनी चित्रपट आधी पाहायला हरकत नाही.

कादंबरीचा गाभा प्रेमकथेइतकाच एका चुकलेल्या निवाड्यात आहे. एलिझाबेथ बेनेट ही हुशार, निरीक्षक आणि स्वतःच्या पारखीचा अभिमान असलेली मुलगी श्रीमंत, ताठर डार्सी आणि गोडबोल्या लष्करी अधिकारी विकम या दोन पुरुषांबद्दल ठाम मत बनवते, आणि पुढे ते मत तिला स्वतःच्याच हाताने मोडून काढावे लागते. हे मोडणे एका क्षणात होत नाही. मालिकेत डार्सीने एलिझाबेथला घातलेली लग्नाची मागणी आणि तिचा नकार झाल्यानंतर चौथ्या भागाचा आरंभ त्याच्या पत्राने होतो, आणि त्या पत्राला पुरेसा अवकाश मिळतो. विकमचे केम्ब्रिजमधले वागणे आणि रॅम्सगेटला डार्सीच्या बहिणीच्या बाबतीत घडलेला प्रकार आपल्याला दिसतो. त्याचबरोबर एलिझाबेथ ते पत्र वाचते, चिडते, नाकारते, पुन्हा वाचते आणि हळूहळू गप्प होते, हेही दिसते. चित्रपटात हेच पत्र काही मिनिटांत उरकते. तो प्रसंग देखणा आहे, परंतु एलिझाबेथचा विचार कोणत्या पायऱ्यांनी बदलला हे कादंबरी न वाचलेल्याला त्यातून कळणे अवघड आहे. विकमची भूमिका चित्रपटात इतकी आखडली आहे की त्याच्यावर तिने विश्वास का ठेवला असावा, हेसुद्धा पुरते पटत नाही.

तरीही मालिका मूळाशी अधिक प्रामाणिक आहे असे जे सर्रास म्हटले जाते, ते एका महत्त्वाच्या बाबतीत खरे नाही. कादंबरी जवळजवळ सतत एलिझाबेथच्या सोबत राहते; तिला जे ठाऊक नाही ते आपल्यालाही ठाऊक नसते. डेव्हिस यांनी डार्सीला स्वतंत्र प्रसंग दिले: तो तलवारबाजी करतो, तळ्यात उडी घेतो, आणि पळून गेलेल्या एलिझाबेथच्या धाकट्या बहिणीचा, लिडियाचा, व विकमचा लंडनमध्ये शोध घेतो. तळ्याच्या प्रसंगाची कीर्ती फार झाली, पण खरे नुकसान लंडनच्या प्रसंगांनी केले आहे. त्या दोघांचे लग्न लावून देण्यासाठी डार्सीने गुपचूप केलेली मदत एलिझाबेथला कळण्याआधीच प्रेक्षकाला कळते, त्यामुळे पुढचा उलगडा तिच्यापुरताच उरतो. चित्रपटात मात्र लिडियाच्या तोंडून ती गोष्ट निसटते आणि आपणही एलिझाबेथबरोबरच चकित होतो. या एका ठिकाणी चित्रपटाने ऑस्टेन यांची रचना अधिक चांगली ओळखली आहे.

चित्रपटाचे दुसरे बळ वयात आहे. कादंबरीतल्या एलिझाबेथला अजून एकविसावे पूर्ण झालेले नाही, आणि चित्रीकरणाच्या वेळी किरा नाइटली जवळपास त्याच वयाच्या होत्या. तिचा उतावळेपणा, पटकन हसणे आणि पटकन दुखावणे हे सारे त्यामुळे स्वाभाविक वाटते. मेरिटन या जवळच्या गावातल्या नाचाची गर्दी, घाम आणि गोंगाट पाहताना या मुलींना नाच म्हणजे काय वाटत असेल, हे मालिकेच्या नीटनेटक्या दिवाणखान्यांपेक्षा अधिक जाणवते. एलिझाबेथची मैत्रीण शार्लट लुकस बेनेटांच्या नात्यातल्या कॉलिन्स या पाद्र्याशी लग्न ठरल्याचे सांगताना आपले वय सत्तावीस असल्याचे आणि आपण घाबरलो असल्याचे बोलून दाखवते. कादंबरीत नसलेले हे बोलणे त्या काळातल्या अविवाहित स्त्रीची कोंडी दोन वाक्यांत उभी करते. राइट यांनी काळ अठराव्या शतकाच्या अखेरीस मागे नेला, आणि त्याला आधार आहे, कारण कादंबरीचा पहिला खर्डा १७९६-९७ मधला आहे. घरातून फिरणारे डुक्कर मात्र मला खटकते. बेनेट कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड आहे. त्यांचे संकट आजच्या गरिबीचे नाही. इस्टेट पुरुष वारसाकडे जाणार असल्यामुळे वडिलांच्या मृत्यूनंतर मुली व त्यांची आई निराधार होतील, हे ते संकट आहे. चित्रपटातील घर पाहून हा फरक पुसट होतो.

अभिनयात निवड करणे अवघड आहे. तरी डार्सीच्या बाबतीत मी मालिकेतील कॉलिन फर्थ यांच्या बाजूचा आहे. चित्रपटातील मॅथ्यू मॅकफॅडियन यांचा डार्सी लाजाळू आणि अबोल आहे, आणि त्याच्याबद्दल कणव वाटते. पण तो मुळात लाजाळूच असेल तर गर्व हा केवळ गैरसमज ठरतो. कादंबरीत डार्सी शेवटी स्वतःच्या स्वार्थी, अहंकारी वागण्याची कबुली देतो. फर्थ यांचा ताठरपणा खरा आहे, म्हणून त्याचे वितळणेही खरे वाटते. मालिकेत जेनिफर एली यांनी एलिझाबेथचे हसू डोळ्यांत ठेवले आहे, आणि लांब वाक्ये सहजतेने बोलण्याची त्यांची हातोटी विलक्षण आहे. त्यांना या भूमिकेसाठी बाफ्टा पुरस्कार मिळाला. वडिलांची गोष्ट याहून वेगळी. चित्रपटात डोनाल्ड सदरलंड यांचे मिस्टर बेनेट अतिशय हळवे आहेत आणि पत्नीवर त्यांची मायाही दिसते, परंतु कादंबरीत हाच माणूस पत्नीची मुलींसमोर थट्टा करतो, घराकडे दुर्लक्ष करतो, आणि लिडियाच्या पळून जाण्याचा दोष काही अंशी त्याच्याकडे येतो. बेंजामिन व्हिट्रो यांनी मालिकेत तो बोचरेपणा राखला आहे.

स्थळांबद्दल थोडक्यात. मालिकेतील पेम्बर्ली, म्हणजे डार्सीचा वाडा, बाहेरून चेशरमधील लाइम पार्क आहे आणि आतून सडबरी हॉल. चित्रपटात ती जागा डर्बीशरमधील चॅट्सवर्थने घेतली आहे. कादंबरीत एलिझाबेथ डार्सीच्या तैलचित्रासमोर थांबते, चित्रपटात ती शिल्पांच्या दालनात त्याच्या अर्धपुतळ्यासमोर थांबते. संगीतात चित्रपटासाठीचे डारिओ मारियानेली यांचे पियानोवादन-प्रधान काम मला मालिकेतील कार्ल डेव्हिस यांच्या संगीताहून अधिक प्रिय आहे.

मालिकेतील बरेच संवाद थेट कादंबरीतून आलेले असल्याने वाक्ये लांब आणि वळणदार आहेत. इंग्रजी सहज समजणाऱ्यांनीही उपशीर्षके चालू ठेवावीत. रोज एक भाग पाहिला तर आठवड्याच्या आत ती संपते, आणि सलग पाहण्यापेक्षा अशी पाहिलेली बरी, कारण भागांमधला थांबा एलिझाबेथच्या मनातील थांब्यांशी जुळतो. फे वेल्डन यांच्या पटकथेची बीबीसीची १९८०ची पाच भागांची मालिकाही आहे. एलिझाबेथ गार्व्ही यांचे काम त्यात उत्तम आहे, परंतु त्या मालिकेची स्टुडिओतील मांडणी आज नाटकासारखी वाटते, म्हणून ती तिसऱ्या क्रमांकावर ठेवावी. हाती एकच संध्याकाळ असेल तर चित्रपट निवडावा. मात्र त्याचे दोन शेवट आहेत हे लक्षात असू द्यावे. ब्रिटिश प्रत वडिलांच्या संमतीच्या प्रसंगावर थांबते, तर अमेरिकेत दाखवलेल्या प्रतीत पेम्बर्लीतील नवदांपत्याचा एक रात्रीचा, चुंबनाने संपणारा प्रसंग जोडलेला आहे. तुमच्याकडे ती प्रत आली, तर वडील एकटे बसून हसतात तिथेच थांबलेले चांगले.