वळणांवर गाडी चालवण्याचा एक दिवसाचा वर्ग: माझा अनुभव

मागच्या पावसाळ्यात एका डाव्या वळणावर माझी गाडी घसरली आणि थेट समोरच्या लेनमध्ये गेली. त्या क्षणी समोरून कोणी येत नव्हतं, एवढ्यावरच निभावलं. बारा वर्षं गाडी चालवते आहे, वेग जेमतेम ६० होता, टायर नवे होते. मग चुकलं कुठे, हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून फक्त वळणांसाठी असलेला हा वर्ग लावला.

सकाळी दीड तास फळ्यासमोर बसायचं होतं. कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण दिवसातला हा भाग मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. सरांनी १०० मीटर त्रिज्येचं वळण काढलं. तिथून ताशी ४० किलोमीटरने गेलात, तर गाडीला वळणात धरून ठेवायला तिच्या वजनाच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकं बल लागतं. ८० ने गेलात तर निम्म्या वजनाइतकं. वेग दुप्पट, बल चौपट. ओल्या रस्त्यावर टायरची पकड तेवढी पुरेलच असं नाही.

यातला थोडा भार रस्ता स्वतः उचलतो. वळणावर बाहेरची कड उंच ठेवलेली असते, ती त्यासाठीच. पण तो उतार बहुधा सहा-सात टक्क्यांचा असतो, म्हणजे ८० च्या वेगाला जे बल लागतं त्याचा सातवा हिस्सासुद्धा त्यातून मिळत नाही. ‘मग उतार वाढवत का नाहीत?’ असं मी विचारलं. कारण त्याच रस्त्यावरून सावकाश चाललेला भरलेला ट्रकही जातो. उतार फार झाला तर तो आतल्या बाजूला कलंडेल. रस्ता एकाच वेगाच्या गाड्यांसाठी बांधता येत नाही, हे मला तेव्हा नीट कळलं.

सरळ रस्ता एकदम गोलाकार होत नाही, हेही तिथेच समजलं. मध्ये एक तुकडा असा असतो की त्रिज्या हळूहळू कमी होत जाते आणि बाहेरची कडही त्याच लांबीत उचलली जाते. त्यामुळे स्टिअरिंग सावकाश फिरवता येतं, झटका द्यावा लागत नाही. इतकी वर्षं हे माझ्या हातांना जाणवत होतं, फक्त त्यामागचं कारण माहीत नव्हतं.

मग मैदानावर पाणी मारलेला ३० मीटर त्रिज्येचा गोल. ३० ला गाडी शहाण्यासारखी फिरली, ४० ला स्टिअरिंग जड लागलं आणि ४५ च्या आसपास पुढची चाकं ऐकेनाशी झाली. मी घाबरून स्टिअरिंग आणखी वळवलं, तर गाडी आणखीच बाहेर. शेजारी बसलेले प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, ‘अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, स्टिअरिंग थोडं सैल करा.’ तिसऱ्या फेरीला गाडी परत गोलात आली. त्या वेळी झालेला आनंद मला अजून आठवतो.

टायरकडे पकड ठरावीकच असते. ती ब्रेक मारण्यात खर्च केली की वळायला कमी उरते. म्हणून वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा. गाडीतली स्थिरता-नियंत्रण यंत्रणा (ईएससी) बंद करून आणि चालू करून दाखवली. ती वेगवेगळ्या चाकांना आपणहून ब्रेक लावून गाडीचं तोंड सावरते, पण नसलेली पकड निर्माण करू शकत नाही.

दुपारी खऱ्या रस्त्यावर. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे मिळताना दिसतात, तो बिंदू बघत राहायचं. तो पुढे पळत असेल तर वळण उघडतंय, थांबला किंवा जवळ येऊ लागला तर वळण आवळतंय आणि वेग जास्त आहे. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. भान यायला आणि पाय ब्रेकवर जायला अडीच सेकंद धरली, तरी ६० च्या वेगाला त्यातच ४२ मीटर जातात. ओल्या रस्त्यावर पूर्ण थांबेपर्यंत ८० मीटर सहज होतात. आतल्या कडेला झाडी असलेल्या किती वळणांवर आपल्याला ८० मीटर दिसतात?

तेव्हा माझं घसरणं उलगडलं. ते वळण मध्येच आवळत होतं, लांबलचक सरळ रस्त्यानंतर आलं होतं, आणि मी आत शिरल्यावर ब्रेक दाबला होता.

तक्रारीही आहेत. एका गाडीत तिघेजण असल्याने माझ्या हातात स्टिअरिंग जेमतेम चाळीस मिनिटं आलं. दोनच जण हवेत. उंच, भरलेली वाहनं घसरण्याआधी उलटू शकतात आणि लांब वाहनांची मागची चाकं वळणाच्या आत कापत जातात, म्हणून तिथे रस्ता रुंद ठेवतात. इतका महत्त्वाचा विषय पाच मिनिटांत उरकला. रात्रीचा सराव तर नव्हताच, आणि हेडलाइट सरळ पुढे पडत असताना वळण अंधारातच राहतं. ही मोठी उणीव आहे, आयोजकांना तसं लिहून दिलं आहे.

तरी पाचपैकी चार देते. मुलाला नुकताच परवाना मिळालाय. पुढच्या तुकडीत त्याचं नाव घातलं आहे, आणि मीही त्याच्याबरोबर पुन्हा बसणार आहे.