‘शासनमान्य’ वृद्धाश्रम: डिपॉझिट दिलं, पावती देणगीची आली

वृद्धाश्रमाच्या पाटीवर ‘शासनमान्य’ दिसलं की आधी विचारा, मान्यता कोणत्या खात्याची आणि कशासाठीची? मावशीसाठी जागा बघताना संचालकांनी आम्हाला ऑफिसातली फ्रेम दाखवली. ती धर्मादाय आयुक्तांकडच्या न्यास (ट्रस्ट) नोंदणीची होती. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली संस्था नोंदलेली आहे, एवढंच त्यातून कळतं. रात्री किती आया असतात, औषधं कोण देतं, हे त्या कागदासाठी कुणी तपासत नाही. शेजारचं ‘८०जी’ प्रमाणपत्र तर आयकराचं, देणगीदाराच्या सवलतीसाठीचं.

खरी मेख पैशात होती. दोन लाख ‘परतीचं डिपॉझिट’, वर दर महिन्याची फी. शिवाय एक गाजर: “केंद्राकडे अनुदानाची फाइल टाकलीय, मंजूर झाली की तुमची फी निम्मी.” धादांत थाप! केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतलं वृद्धाश्रमांचं अनुदान निराधार ज्येष्ठांना सांभाळणाऱ्या संस्थांना असतं. फी भरणाऱ्यांच्या बिलात सूट द्यायला नाही.

तरी पैसे भरून मावशीला तिथे ठेवलं. पुढे दिसलं ते असं: रात्री अख्ख्या मजल्याला एक आया, आणि आम्ही नेऊन दिलेले डायपर आठवडा संपायच्या आत ‘संपले’. मावशीच्या कमरेखाली बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) दिसला तेव्हा तिला घरी आणलं आणि डिपॉझिट मागितलं. संचालक अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, डिपॉझिट कसलं? देणगी दिलीत तुम्ही. पावती बघा ना.” पक्क्या पावतीवर बारीक अक्षरात छापलं होतं: ‘कॉर्पस फंडासाठी, स्वेच्छेने, विनाअट.’ म्हणजे संस्थेच्या कायम निधीला दिलेली देणगी. पैसे भरताना मिळालेल्या कच्च्या पावतीवर मात्र पेनाने ‘डिपॉझिट’ लिहिलेलं होतं. ती ‘ऑडिटला लागते’ म्हणून त्यांनी मागून नेली होती. (ऑडिटला कच्ची पावती!) भावाच्या व्हॉट्सॲपवर तिचा फोटो सापडला, म्हणून आज हातात पुरावा तरी आहे.

मग दाद कुठे मागायची? प्रांत कार्यालयातलं ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरण मुलांकडून आणि वारस नातेवाइकांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे, वृद्धाश्रमाने बुडवलेल्या पैशासाठी नाही. हे न्यायाधिकरण ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या ज्या २००७ च्या कायद्याखाली चालतं, त्यात जिल्ह्यागणिक निदान एका, १५० निराधारांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खासगी वृद्धाश्रमाला त्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. ती आणू पाहणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. म्हणजे पाटी रंगवायला कुणाला विचारावं लागत नाही. घरी आया पाठवणाऱ्या ब्युरोंची नोंदणीही त्याच विधेयकात होती, हे आता ब्युरो शोधताना जाणवतंय.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ मोफत आहे, तिथे माहिती नीट मिळते. पैशासाठी रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. फी घेऊन सेवा दिली की ती ग्राहक सेवाच, संस्था न्यास असली तरी. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. आम्ही कच्च्या पावतीचा फोटो, बँकेचा उतारा आणि बेडसोरवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा कागद जोडून तक्रार टाकली आहे. धर्मादाय कार्यालयातही अर्ज दिलाय, कारण हीच ‘देणगी’ तिथल्या बहुतेक प्रत्येक खोलीकडून घेतलेली आहे. तुमच्याकडूनही घेतली असेल, तर पक्की पावती हातात आली तरी कच्ची परत देऊ नका.