‘काउच टू फाइव्ह के’: नऊ आठवड्यांचं पळणं, मला लागले एकवीस

कधी न पळलेल्याला हळूहळू पाच किलोमीटर पळायला शिकवणाऱ्या या योजनेला पाचपैकी पाच तारे देते आहे, तिच्या नऊ आठवड्यांना मला एकवीस लागले तरी.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तिसरी स्टेज. ऑपरेशन, मग ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाच्या आठ फेऱ्या. ते संपलं तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना चढताना मी मध्येच बसायचे. पोटाच्या टाक्यांवर जोर नको म्हणून तीन महिने नुसतं चालले. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघून ‘आता पळा’ म्हटल्यावर भाचीने ही योजना मोबाइलवर घालून दिली.

जॉश क्लार्क या अमेरिकन माणसाने ती १९९६मध्ये आखली. आठवड्यातून तीन दिवस. सुरुवातीला पाच मिनिटं झपझप चालायचं, मग ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. कमाटीबागेत फुलांच्या घड्याळापाशी धाकटी जाऊ मोबाइल घेऊन उभी राहायची. “वहिनी, झाले साठ, थांबा!” हे शब्द ऐकायला मी आसुसलेली असायचे. तिसऱ्या आठवड्यात जिना न थांबता चढले.

पायांचं मात्र सांगायलाच हवं. केमोच्या त्या औषधाने बोटं बधिर होतात आणि ते थांबल्यावरही बधिरपणा काही महिने वाढू शकतो. एकदा बुटात खडा गेलेला मला कळलाच नाही. घरी मोजा काढला तर रक्त. तेव्हापासून बूट झटकून घालते, आल्यावर तळवे आरशात बघते. पुढून ऐसपैस बूट घेतले. गवतावर पळत नाही, सपाट रस्ताच धरते. थंडीत हातमोजे.

पाचव्या आठवड्यात अडकले. दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटं दोनदा आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग वीस! निरोगी माणसाला जमत असेल. मी मध्ये दहा, बारा, पंधरा अशा पायऱ्या घातल्या, त्यात सहा आठवडे गेले. सोडूनच देणार होते. तेव्हा डॉक्टरांनी २०२५मध्ये आलेल्या ‘चॅलेंज’ अभ्यासाबद्दल सांगितलं. केमो झालेले आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण. त्यातल्या निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम, बाकीच्यांना फक्त माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी ९०.३ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३.२. व्यायामवाल्यांतले बरेचजण नुसते झपझप चालत होते, हे ऐकून मला फार धीर आला. चालण्याच्या दिवसांना मी वाया गेलेले दिवस म्हणणं सोडलं.

शेवटच्या आठवड्यात सलग तीस मिनिटं पळते. पाच किलोमीटर अजून होत नाहीत, साडेतीन होतात.

केमोनंतर कुणाला सुरू करायचं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मग रविवारी सकाळी साडेसहाला घड्याळापाशी या. साठ सेकंद मी मोजते.