विषाणूचा जोडसंच: निपाणीकडच्या शिकवणीत पावसाळाभर वापरल्यावर

निपाणीजवळच्या एका गावात मी मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या पोरांची शिकवणी घेतो. हा संच जूनमध्ये ऑनलाइन मागवला. पुस्तिका फक्त इंग्रजीत, भाग मात्र बहुतेक दणकट. टी४ या जिवाणूभक्षक विषाणूचं डोकं २० त्रिकोणी तुकड्यांचं, आत डीएनएची दोरी, खाली स्प्रिंगची शेपूट आणि सहा पाय.

पैसे वसूल होतात ते शेपटीपाशी. स्प्रिंग दाबली की दोरी पेशीच्या पाटात, म्हणजे जिवाणू म्हणून दिलेल्या तुकड्यात उतरते आणि कवच बाहेरच राहतं. हर्शी आणि चेस या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये किरणोत्सारी फॉस्फरस आणि गंधक वापरून हेच ताडलं होतं. विषाणू जिवाणूसारखा दोन भागांत फुटून वाढत नाही, हे पोरांना इथं पटतं. पेशीचेच रायबोसोम आधी त्याची प्रथिनं घडवतात, दोरीच्या नकला होतात, जोडणी शेवटी. म्हणजे मध्येच पेशी फोडून बघितली, तर अख्खा विषाणू एकही सापडायचा नाही. संचात नवे दोनच जुळतात. खरा टी४ अर्ध्या तासात शंभरावर जातो.

प्रमाण मात्र साफ गंडलंय. मॉडेल २० सेंटीमीटरचं, खरा टी४ साधारण २०० नॅनोमीटर. त्या हिशोबानं जिवाणू दोन मीटरचा हवा, तो दिलाय वीतभर. आम्ही फरशीवर खडूनं काढतो. दोरी तर ५० मीटरच्या पुढं जाईल! पोलिओचा विषाणू याच मापात ३ सेंटीमीटर.

खरी अडचण आमच्या तंबाखूच्या मुलखाची. पुस्तिका म्हणते, विषाणू पेशीवरच्या ठरावीक जागेलाच चिकटतो. तंबाखूवाल्याच्या पोरानं विचारलं, "सर, मग पानावर ही जागा कुठं असतंय?" नसतेच. तंबाखूचा मोझॅक विषाणू हाताळताना, पानं घासताना पडलेल्या बारीक जखमांतून शिरतो. कामकऱ्यांच्या हातांनीही पसरतो. आणि विषाणूंचा शोध लागला तो याच रोगापासून: इव्हानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी तो रोग लावतच राहिला. इतका महत्त्वाचा गडी, आणि संचात त्याचा पत्ता नाही. मग पुठ्ठ्याची ३० सेंटीमीटर लांब, बोटाएवढी जाड नळी केली. आत आरएनएची तार नागमोडी नाही, मळसूत्रासारखी फिरवली. पाय असलेलाच विषाणू, हा पोरांचा समज त्या दिवशी गेला.

फ्लूच्या विषाणूचं आवरण म्हणून दिलेली तयार पिशवी फेकून द्या. ते आवरण विषाणू स्वतः बनवत नाही, बाहेर पडताना पेशीचंच पटल ओढून घेतो. साबण तेच फोडतो. पेशीच्या पाटावर पातळ प्लास्टिक ताणून त्यातून गोळा बाहेर ढकलला की नीट कळतं.

संचातली चुंबकं अजून धड आहेत. पायांची टोकं दिवाळीआधीच मोडली, सुटे पाय मिळत नाहीत. आम्ही सायकलच्या स्पोकचे तुकडे वाकवून बसवलेत. एकट्या मुलाला घरी खेळायला घेऊ नका, वर्गाला घ्या.