स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स : पाच वर्षांच्या निवडणुकीला दोन वर्षांची मोजपट्टी

भारतीय राजकारणाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने इंग्रजीतील कोणते एकच नियतकालिक नेमाने वाचावे, असे कोणी विचारले तर मी विचार न करता ‘स्टडीज इन इंडियन पॉलिटिक्स’ हे नाव घेईन. मात्र हे नियतकालिक निवडताना त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील लेखनाचा इतर निबंधांत किती वेळा संदर्भ दिला गेला यावरून काढलेला आकडा, किती आहे, एवढेच पाहणाऱ्याच्या हाती त्याची खरी किंमत लागणार नाही, हेही मला तितक्याच ठामपणे सांगावेसे वाटते. हे परीक्षण मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थी, पीएचडीचे संशोधक आणि महाविद्यालयीन प्राध्यापक यांच्यासाठी आहे, कारण नियतकालिक वाचण्याचा आणि त्यात लिहिण्याचा निर्णय त्यांनाच घ्यावा लागतो आणि त्या निर्णयावर आकड्यांचा दबावही त्यांच्यावरच सर्वाधिक असतो.

दिल्लीतील विकसनशील समाज अध्ययन केंद्र, म्हणजे सीएसडीएस, ही संस्था राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये उभी केली. तिच्याच ‘लोकनीती’ या १९९७ पासून चालत आलेल्या उपक्रमाच्या वतीने सेज ही प्रकाशनसंस्था हे नियतकालिक प्रसिद्ध करते. पहिला अंक जून २०१३ मध्ये निघाला. वर्षाला जून आणि डिसेंबर असे दोनच अंक निघतात आणि शोधनिबंध तज्ज्ञांच्या समीक्षेनंतरच स्वीकारले जातात. पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात दीर्घकाळ अध्यापन केलेले सुहास पळशीकर यांनी पहिल्या अंकापासून मुख्य संपादक म्हणून त्याला आकार दिला. महाराष्ट्रातील वाचकांना पळशीकर मराठी लेखनातून परिचित आहेतच. त्यांच्या मराठी लेखनातील जो आग्रह, म्हणजे निवडणुकीच्या निकालामागचे सामाजिक समीकरण पुराव्यासह मांडण्याचा आग्रह, तो या नियतकालिकाच्या निवडीतही जाणवतो.

संशोधनाचा रोख नावातच स्पष्ट आहे. भारतीय राजकारण हाच विषय, आणि त्यातही पक्ष, निवडणुका, मतदारांची वर्तणूक, राज्यांचे राजकारण, संघराज्य व्यवस्था आणि लोकमत या क्षेत्रांकडे स्पष्ट कल आहे. राजकीय विचार, संस्थांचा इतिहास, न्यायालये, चळवळी यांवरील लेखनाला मज्जाव नाही, तरीही वाचकाच्या मनात ठसा उमटतो तो निवडणूक अभ्यासाचाच. सीएसडीएसने १९९६ पासून आणि पुढे लोकनीतीच्या माध्यमातून सातत्याने केलेली राष्ट्रीय निवडणूक अध्ययने ही या लेखनामागची मोठी शिदोरी आहे. मतदान झाल्यानंतर आणि निकाल लागण्यापूर्वी मतदाराला त्याच्या घरी गाठून घेतलेल्या मुलाखतींतून जात, वर्ग, लिंग, शिक्षण, वय आणि मतदान यांचा संबंध तपासता येतो. दोन-तीन दशकांच्या अशा मालिकेमुळे एका निवडणुकीची तुलना मागच्या निवडणुकांशी करता येते, आणि वाहिन्यांवरील निकालाच्या रात्रीच्या चर्चेला नेमके तेच साधत नाही.

या कामाचा दर्जा पाहायचा असेल तर डिसेंबर २०१९ चा अंक हाती घ्यावा. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने ३०३ जागा मिळवल्या होत्या आणि देशाच्या राजकारणात मूलभूत बदल झाला की नाही, यावर वाद पेटला होता. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी या अंकात मांडणी केली की काँग्रेसच्या एकेकाळच्या वर्चस्वानंतर भारतात एकाच पक्षाच्या वर्चस्वाची दुसरी पक्षव्यवस्था आकाराला येत आहे आणि तिच्यामागे भाजपने जुळवलेली नवी सामाजिक आघाडी आहे. हा निबंध मला पूर्णपणे पटलेला नाही. वर्चस्वाची व्यवस्था म्हणण्यासाठी राज्याराज्यांतील सत्तेचा आणि विरोधकांच्या टिकाऊपणाचा अधिक विचार व्हायला हवा होता, असे माझे मत आहे. परंतु वाद घालण्याजोगे विधान स्पष्टपणे करणे आणि त्यामागची सामग्री वाचकासमोर ठेवणे, ही अभ्यासपूर्ण लेखनाची पहिली अट तो निबंध पूर्ण करतो. २०२४ मध्ये भाजप २४० जागांवर थांबला, तेव्हा हा निबंध बाजूला पडला नाही, उलट पुन्हा काढून वाचावा लागला, यातच त्याचे बळ दिसते.

त्याच अंकातील राजेश्वरी देशपांडे, लुईस टिलिन आणि के. के. कैलाश यांचा निबंध मला त्याहून मोलाचा वाटतो. उज्ज्वला, जनधन यांसारख्या योजनांमुळे भाजपला मते मिळाली, असे तेव्हा सर्रास बोलले जात होते. या तिघांनी सर्वेक्षणाच्या आधारे प्रश्नाचे दोन भाग केले. योजनेचे श्रेय मतदार कोणाला देतो हा एक भाग, आणि ते श्रेय मतात उतरते का हा दुसरा. पूर्वीच्या तुलनेत मतदार राज्य सरकारपेक्षा केंद्राला अधिक श्रेय देऊ लागल्याचे त्यांना आढळले. मात्र श्रेय दिले म्हणजे मत दिले, अशी उडी त्यांनी घेतली नाही. महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, पात्र महिलांच्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी मिळून २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. या निकालाचे सगळे श्रेय एका योजनेला देणाऱ्या प्रत्येकाने २०१९ चा हा निबंध आधी वाचावा. तिथे श्रेय केंद्राकडे सरकत होते, इथे ते राज्य सरकारकडे, मुख्यमंत्र्यांकडे की आघाडीतील एखाद्या पक्षाकडे गेले, हा प्रश्न तपासण्याची पद्धत त्या निबंधात तयार आहे.

पहिल्याच अंकात फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ क्रिस्तोफ जाफ्रलो यांनी २०१२ च्या गुजरात विधानसभा निवडणुकीवर लिहिले होते. नरेंद्र मोदी यांच्या सलग तिसऱ्या विजयामागची तंत्रज्ञानाधारित प्रचाराची शैली आणि नवमध्यमवर्गाला घातलेली साद यांचे त्यात विश्लेषण होते. दिल्लीतील सत्तांतराला तेव्हा अजून वर्ष बाकी होते, हे लक्षात घेतले की पुढच्या दशकाच्या प्रचाराकडे पाहण्याची एक दृष्टी त्या निबंधाने वेळेआधी दिली, असे म्हणायला हरकत नाही.

आता संदर्भांच्या आकड्यांकडे वळतो. इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशेब सरळ आहे. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या लेखनाला चालू वर्षात किती संदर्भ मिळाले, त्याला त्या दोन वर्षांतील शोधनिबंधांच्या संख्येने भागायचे. युजीन गारफिल्ड यांनी ही कल्पना १९५५ मध्ये सुचवली आणि १९७५ पासून तिचे ‘जर्नल सायटेशन रिपोर्ट्स’ हे वार्षिक अहवाल निघू लागले. जीवशास्त्र, वैद्यक यांसारख्या विषयांत दोन वर्षांत एखाद्या शोधाला भरपूर संदर्भ मिळतात, त्यामुळे तिथे हा अवधी काही अंशी चालून जातो. निवडणुकीच्या अभ्यासाला तो मुळीच मानवत नाही. लोकसभेची निवडणूक सर्वसाधारणपणे पाच वर्षांनी येते. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या निबंधाची खरी परीक्षा २०२४ च्या निकालानंतर झाली, आणि त्यानंतर लिहिलेल्या निबंधांत त्याला मिळालेला एकही संदर्भ या दोन वर्षांच्या हिशेबात बसत नाही. एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीच्या साइटस्कोअर या अशाच मोजमापाने चार वर्षांचा अवधी धरला आहे, पण तोही एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत पुरत नाही. निवडणुकांवर लिहिणारे नियतकालिक आपल्या विषयाच्या लयीनेच चालणार, आणि ती लय पाच वर्षांची आहे. पंचवार्षिक इम्पॅक्ट फॅक्टरही काढला जातो. या विषयासाठी तुलना करायचीच असेल तर निदान तो पाहावा.

अंक दोनच असल्यामुळे आणखी एक अडचण येते. समजा, अशा अर्धवार्षिकात दोन वर्षांत ३२ शोधनिबंध आले आणि त्यांपैकी एकाला एका वर्षात १६ संदर्भ मिळाले, तर केवळ त्या एका निबंधामुळे इम्पॅक्ट फॅक्टर ०.५ ने वाढतो. पुढे तो निबंध दोन वर्षांच्या चौकटीबाहेर गेला की आकडा पुन्हा खाली येतो. वर्षाला शेकडो निबंध छापणाऱ्या नियतकालिकात असे चढउतार झाकले जातात, इथे ते उघडे दिसतात. म्हणून अशा नियतकालिकाचा एका वर्षाचा आकडा पाहून त्याचा दर्जा वाढला किंवा घसरला, असे म्हणणे चुकीचे ठरते. २०२३ पासून अधिकृत इम्पॅक्ट फॅक्टर तीन दशांश स्थळांऐवजी एकाच दशांश स्थळापर्यंत दिला जातो, हा बदल मला योग्य वाटतो, कारण तिसऱ्या दशांशावरून क्रम लावण्याइतकी अचूकता त्या आकड्यात कधीच नव्हती.

केवळ एका देशाच्या राजकारणावर लिहिणाऱ्या नियतकालिकाला अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यूसारख्या, १९०६ पासून निघणाऱ्या आणि सर्व देशांतील राज्यशास्त्रज्ञ वाचत असलेल्या नियतकालिकाइतके संदर्भ मिळणार नाहीत, हे उघड आहे. बिहारमधील मतदाराविषयीचा निबंध ब्राझीलचा अभ्यासक क्वचितच उद्धृत करतो. शिवाय भारतीय राजकारणावरचे बरेचसे मोलाचे लेखन पुस्तकांत होते, आणि पुस्तकांतील संदर्भांची नोंद या पद्धतींमध्ये अपुरी राहते. मराठीतील प्रबंध, समाज प्रबोधन पत्रिकेसारखी त्रैमासिके, दैनिकांच्या रविवार पुरवण्या यांतून लोकनीतीच्या निष्कर्षांचा जो वावर आहे, तो तर कोणत्याच मोजणीत येत नाही. या नियतकालिकाचा महाराष्ट्रातील प्रभाव मला ज्या ठिकाणी सर्वाधिक दिसतो, नेमकी तीच ठिकाणे आकडेवारीच्या बाहेर आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न कागदोपत्री राहत नाही, तो नोकरी आणि बढतीशी जोडलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिके वगळली. पुढे २०१९ मध्ये आयोगाची मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली आणि तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीही बंद करून नियतकालिकाची पारख करण्याचे निकष संस्थांवर सोपवले. आता प्रत्येक महाविद्यालयाला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, आणि अशा वेळी आकड्याचा आधार घेण्याचा मोह वाढतो. प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर दोन दिवसांत निबंध छापून देणाऱ्या आणि भरघोस ‘इम्पॅक्ट’ मिरवणाऱ्या नियतकालिकांच्या जाहिराती येतात. तो आकडा जर्नल सायटेशन रिपोर्ट्सचा नसून कोणत्या तरी अनोळखी संस्थेने विकलेला असतो. खरोखर समीक्षित असलेल्या, पण आकड्याने लहान दिसणाऱ्या नियतकालिकाला या गर्दीत अन्याय सोसावा लागतो, आणि हे पाहून मला मनापासून वाईट वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. पहिली उणीव अशी की लोकनीतीची सर्वेक्षणे, लोकनीतीशी जोडलेले अभ्यासक आणि लोकनीतीचेच नियतकालिक, हे वर्तुळ कधी कधी फार जवळचे वाटते. समीक्षेची पद्धत चोख असली तरी त्या सर्वेक्षणांच्या नमुनानिवडीवर, मतदार मुलाखतीत खरे बोलतो की नाही यावर, अल्पसंख्याक आणि स्थलांतरित मजूर त्यात किती सामावतात यावर बाहेरच्या अभ्यासकांची कठोर टीका याच पानांवर अधिक यायला हवी. दुसरी उणीव म्हणजे मतदानाच्या दिवसापलीकडचे राजकारण, म्हणजे साखर कारखाना, जिल्हा बँक, पंचायत समिती, पोलीस ठाणे, इथे चालणाऱ्या सत्तेचे बारकाईने केलेले वर्णन, हे सर्वेक्षणातून पकडता येत नाही आणि त्याला मिळणारी जागा मला अपुरी वाटते. मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकलीने १९६६ पासून अशा क्षेत्रीय लेखनाला जितकी मोकळीक दिली, तितकी इथे दिसत नाही. अर्थात वीकलीचा वेग आणि या अर्धवार्षिकाची सावकाश समीक्षा यांची कामे वेगळी आहेत, आणि गंभीर वाचकाला दोन्हींची गरज आहे.

ज्या दोन सदरांना संदर्भ फारसे मिळत नसावेत, पण ज्यांच्यामुळे मी हे नियतकालिक आवर्जून वाचतो, त्यांचाही उल्लेख करतो. एक सदर संशोधनपद्धतींवर आहे. सर्वेक्षण, मुलाखती, आधारसामग्रीचे वर्गीकरण यांतील अडचणी त्यात सोप्या भाषेत मांडल्या जातात, आणि पीएचडीचा पहिला आराखडा लिहिणाऱ्याला तेच सर्वांत उपयोगी पडते. दुसरे सदर भारतात राजकारण शिकवण्याच्या आणि शिकण्याच्या अनुभवावर आहे. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि वर्गातले प्रश्न यांवर गांभीर्याने लिहिण्यासाठी राज्यशास्त्राच्या इंग्रजी नियतकालिकांत इतकी हक्काची जागा मला दुसरीकडे आढळलेली नाही. इम्पॅक्ट फॅक्टर वाढवायचा असता तर संपादकांनी ही पाने शोधनिबंधांना दिली असती. त्यांनी तसे केले नाही, हा त्यांच्या निवडीचा मोठेपणा आहे.

किमतीच्या बाजूने पाहता, वैयक्तिक वाचकाला एकेक निबंध विकत घेणे परवडणारे नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेतील ३० प्रकाशकांत सेजचा समावेश आहे, त्यामुळे शासकीय विद्यापीठे आणि संस्था यांतील विद्यार्थ्यांना हे नियतकालिक खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. महाराष्ट्रात मात्र राज्यशास्त्र शिकणारे बहुसंख्य विद्यार्थी खासगी व्यवस्थापनाच्या अनुदानित महाविद्यालयांत आहेत. त्यांनी आपल्या ग्रंथपालांना महाविद्यालय योजनेत आहे का हे विचारावे, आणि नसेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन डिसेंबर २०१९ च्या अंकापासून सुरुवात करावी.