पाच पिनांचा प्लग आणि १,००,५०० रुपये

स्टॅक्सचा जुना सेट, म्हणजे जपानी इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन आणि त्याचा अॅम्प्लिफायर (अॅम्प), कुणाकडून घेत असाल तर पैसे काढायच्या आधी हेडफोनचा प्लग उपसून हातात घ्या आणि पिना मोजा. मोजून झाल्या की भिंगाखाली बघा. आवाज-बिवाज नंतर.

माझे १,००,५०० रुपये गेले. टोकनचे १०,०००, यूपीआयने ५०,०००, सेट उचलताना रोख २६,०००, आणि वर 'दुरुस्ती'चे १४,५००. सगळ्यात जास्त झोंबतात ते हे शेवटचे, कारण ते मी 'बिचारा आपल्यासाठी किती धडपडतोय' असं वाटून दिले. रोख २६,००० चं घरी अजून कुणाला माहीत नाही. हे वाचून कळलं तर कळलं.

ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनात चुंबक नाही, कॉइल नाही. धातूच्या दोन जाळ्यांच्या मधोमध एक-दोन मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा पडदा ताणलेला असतो. पडद्यावर कायम डीसी व्होल्टेज, त्याला बायस म्हणतात, आणि गाण्याचा सिग्नल जाळ्यांवर, तोही शेकडो व्होल्टचा. म्हणून अॅम्प वेगळा लागतो, साध्या जॅकमध्ये खुपसून काही होत नाही. जपानची स्टॅक्स कंपनी हे १९६० पासून विकते आहे. त्यांचा जुना बायस २३० व्होल्टचा, त्याला नॉर्मल म्हणतात, प्लगला सहा पिना. (घरातल्या लाईटीचाही आकडा तोच, पण संबंध काही नाही.) नंतरचा प्रो बायस ५८० व्होल्टचा, प्लगला पाच पिना. लॅम्डा मॉडेल १९७९ चं, नॉर्मल. लॅम्डा प्रो १९८२ चं. दिसायला दोन्ही भावंडं. नॉर्मलमध्ये पडदा आणि जाळी यांच्यातली फट अरुंद असते, तिला ५८० व्होल्ट देऊ नयेत म्हणूनच सहा पिनांचा प्लग पाच भोकांच्या सॉकेटात शिरत नाही. कंपनीने मुद्दाम तसं केलंय. आता सहावी पिन कुणी कानशीने घासून काढली, तर ती काय बिचारी बोलणार आहे?

मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस. व्होल्टेज म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. हे आधी सांगतो, कारण आता जो तो येऊन 'तुम्ही तर त्याच लाइनचे ना?' असं विचारतोय.

मला लॅम्डा प्रो म्हणून सेट विकणारा इंदूरच्या विजयनगरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होता. तिशीचा, चष्मा, पायजमा, अगदी घरगुती. फोनवर पहिल्या वाक्यालाच मराठीत आला. "काका, माझी आजी रामबागेतली." आता इंदुरात मराठी माणसाला रामबाग म्हटल्यावर पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांच्या गोष्टी झाल्या, चहा झाला, बशीत शेव आली. मग म्हणाला, "तुम्ही अमीर खाँसाहेब ऐकता ना? बसा." आणि त्याने विलंबित लावलं. खाँसाहेबांचा खर्ज, आलापातला तो सावकाशपणा, श्वास घेतलेला कळतो, तानपुऱ्याची तार न् तार वेगळी. ज्याने इलेक्ट्रोस्टॅटिकवर ऐकलं नाही त्याला ते समजावता येत नाही. इंदूर घराण्याच्या गावात बसून इंदूर घराणं असं कधी ऐकलं नव्हतं. भामट्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं होतं.

तरी मी तपासलं. अॅम्प जपानच्या बाजारातला, म्हणजे १०० व्होल्टचा. असा अॅम्प आपल्या २३० वर थेट लावला की धूर निघालाच म्हणून समजा. मी मागची पट्टी वाचली, त्याने दिलेला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर उचलून पाहिला, किती व्हीएचा, म्हणजे किती ताकदीचा, आहे ते वाचलं, मीटर नेलं होतं ते लावून आउटपुट मोजलं. सगळं चोख. कोण इतकं करतं सांगा?

मग मी प्लगला हात घातला.

त्याने दोन बोटांनी माझं मनगट अडवलं. अगदी आदराने. "काका, राहू द्या ना. सकाळपासून चार्ज होऊन बसलाय. काढला तर परत वेळ लागेल, मग तुम्हाला खरा आवाज मिळणार नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच तर मेख. पडद्यावर भार चढायला खरंच वेळ लागतो, बरेच दिवस बंद पडलेला हेडफोन लावून ठेवावा लागतो. कप कानावर दाबला की पडदा जाळीला लागून फर्रकन आवाज येतो, तेही खरं, त्यात बिघाड नाही. पावसाळ्यात दमट हवेत कुरकुर वाढते, तेही खरं. त्याने मला सगळं खरं खरं सांगितलं आणि त्या खऱ्याच्या आड एक पिन लपवली. मी हात मागे घेतला. त्या क्षणी 'चार्ज गेला तर जाऊ दे, थांबतो मी तासभर' एवढं तोंडातून निघालं असतं तर! पण समोरचा वाजतं यंत्र दाखवतोय, शेव पुढे सरकवतोय, काका-काका करतोय. तुम्ही काय केलं असतं? कपावरचं 'प्रोफेशनल' हे अक्षर किंचित तिरकं होतं, तेही आता आठवतं. जुना माल, असेल, म्हटलं.

घरी आणला तेव्हा पाऊस लागलेला. पहिले काही दिवस उत्तम. मग डावा कान हळू. मला वाटलं माझा कान, वयाचं काहीतरी. हेडफोन उलटा घालून पाहिला, तर उजवा कान हळू! म्हणजे कान ठीक, हेडफोन आजारी. (ही चाचणी फुकट आहे, घेतानाच करा. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज असलेलं काहीतरी लावायचं, आवाज कपाळाच्या मधोमध यायला हवा.) मग डावीकडे चट् चट् असा ठिणगीसारखा आवाज सुरू झाला.

त्याला फोन केला. "काका, इलेक्ट्रोस्टॅटिकला असंच असतं. रात्रभर लावून ठेवा." ठेवला. "डब्यात सिलिका जेल टाका." टाकलं. "केसाला तेल लावता का?" लावतो, खोबरेल. "बघा!" म्हणजे चूक माझ्या डोक्याची. शेवटी म्हणाला, जपानहून डाव्या बाजूची कॅप्सूल (आतला पडदा-जाळीचा भाग) मागवतो, १४,५०० होतील, माझी मजुरी नको. पाठवले. आठवड्याने फोन 'स्विच ऑफ', पुढच्या आठवड्यात 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'. फ्लॅटला कुलूप. वॉचमन म्हणाला, "वो भैया तो खाली कर गए."

जेल रोडवर माझा एक जुना कारागीर आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक त्याने जन्मात पाहिलेला नाही. त्याने प्लग भिंगाखाली धरला आणि मान वर न करता म्हणाला, "साहब, ये पिन घिसी हुई है." पाच पिना काळपट, जुन्या. आणि एका जागी काळ्या प्लॅस्टिकच्या बरोबरीने पितळेचा चकचकीत ठिपका, त्यावर कानशीच्या आडव्या रेघा. 'प्रोफेशनल' नखाने निघालं. म्हणजे नॉर्मलचा हेडफोन ५८० व्होल्टवर वाजत होता, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. म्हणूनच तेव्हा आवाज एवढा भरदार!

आता सरकारी वाऱ्यांचं ऐका.

पोलीस थान्यावर मुन्शीने आधी वस्तू कोणती ते विचारलं. हेडफोन म्हटल्यावर त्याने शेजारच्याला बोलावलं. "सुनो, एक लाख का हेडफोन." मग दोघं हसले. "हमारे लड़के का दो हजार वाला मस्त बजता है, अंकल." टीआय साहेब, म्हणजे थान्याचे प्रमुख, म्हणाले, वस्तू मिळाली ना, वाजली ना, मग फसवणूक कुठली, हा दिवाणी मामला. मी पिन दाखवली. त्यांनी प्लग हातात घेऊन फिरवून पाहिला आणि माझ्याच आवेदनावर पेपरवेटसारखा ठेवून दिला. पैसे यूपीआयने गेलेत तर सायबरला जा, म्हणाले. सायबरला गेलो, तर तुम्ही स्वतः त्याच्या घरी जाऊन माल घेतला, हे ऑनलाइन नाही, थान्यावर जा. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्या मंजुरीने झाला. (पिन हा शब्द ऐकला की आता माझं डोकं फिरतं.) ज्या खात्यात पैसे गेले ते कुणाचं, ते सांगता येत नाही, गोपनीय आहे. चोराची गोपनीयता! माझी कुठे गेली? ग्राहक आयोगाचं एका वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला, २०१९ चा कायदा दुकानदार-व्यापाऱ्याविरुद्ध चालतो, घरातली जुनी वस्तू विकणाऱ्या खाजगी माणसाविरुद्ध नाही. पोर्टलवर तक्रार टाकली, ती 'निराकृत' म्हणून बंद झाली. कुणी केलं निराकरण? मला तर फोनसुद्धा आला नाही. प्रत्येक खिडकीवर माणूस असा बघतो जणू हौस केली हाच गुन्हा. पोरीच्या लग्नाचे दागिने गेले असते तर खुर्ची मिळाली असती.

त्याच वकिलाने एक कामाचं सांगितलं, ते तुमच्यासाठी लिहितो. फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८. थान्याने घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली तीच तक्रार वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला लेखी, पोस्टाने पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. मी पाठवली आहे. पोचपावती आली आहे, बाकी शांतता. आणि शुद्ध ऑनलाइन फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच तासात फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत. मी लावेपर्यंत कोंबडं आरवून गेलं होतं.

रोख देऊ नका. दिलीच तर दोन ओळींचं कागदावर घ्या, मॉडेलचं पूर्ण नाव आणि 'प्रो बायस' हे शब्द त्यात हवेत. माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर 'लॅम्डा मस्त कंडिशन' एवढंच आहे, त्यात 'प्रो' कुठेच नाही. बेट्याने लिहिताना काळजी घेतली होती.

विकणाऱ्याच्या एसी खोलीतल्या दहा मिनिटांवर जाऊ नका, तासभर बसा, एसी बंद करायला सांगा. प्लग काढायला नाही म्हणाला की उठा, चपला घाला. प्लग काढताना-घालताना आवाज शून्यावर, अॅम्प बंद. अॅम्पचं झाकण उघडून बघायचा मोह नको, आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ राहतात, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. अॅम्प गरम होतोच, त्यावर कव्हर किंवा पुस्तकं ठेवू नका. हेडफोन मात्र झाकून ठेवा, पडद्याच्या फटीत धूळ गेली की चटचट सुरू, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे धुळीला काय तोटा. देवघरापासून लांब ठेवा, उदबत्तीचा धूर जाळीतून आत जातो. तेलाचं मात्र त्या चोराचंही खरं होतं, पॅड खराब होतात.

परवा उज्जैनच्या एका गृहस्थांचा फोन आला. माझा सेट 'जसा आहे तसा' ९,००० ला मागतायत. हेडफोनचं काय करणार विचारलं, तर म्हणाले, "ते आम्ही बघू." अॅम्प चांगला आहे, तो एकटा हवा तर देईन. हेडफोन नाही. त्या प्लगवर मी लाल नेलपॉलिशने खूण केली आहे, कुणाच्या बैठकीत दिसला तर ओळखा.